गेंड्याचा पुढचा अ‍ॅक्सल

गुरुवार, २ ऑक्टोबर २०२५, दसरा

आज गेंड्याची पूजा केली. गेंडा म्हणजे माझी बावीस वर्षांची जपानी जीप. रंग करडा, कातडी जाड आणि अंगावर कायम चिखल, म्हणून गेंडा. इथे आयर्लंडात, मेनूथमध्ये झेंडू मिळाला नाही, तेव्हा पिवळी शेवंती आणून बॉनेटवर ठेवली, हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. शेजारच्या मिसेस कीननी फुलं बघून हळू आवाजात विचारलं, घरात कुणी गेलं का. मी म्हटलं नाही हो, आज आमच्याकडे गाड्यांचा सण असतो. त्या 'ग्रँड' म्हणाल्या आणि कुत्र्याला घेऊन पुढे गेल्या.

नवी वही आजच सुरू करतोय, कारण आजपासून एक प्रकल्प हाती घेतलाय. गेल्या रविवारी विकलोमध्ये, जिथे आम्ही हौशी लोक खासगी जमिनीवर चिखलात गाड्या घालतो, तिथे एका दगडावर चढताना गेंड्याच्या पुढच्या चाकाचा दांडा कडकन तुटला. हे तिसऱ्यांदा. कुशल म्हणाला, "भाऊ, आता हे लाड बंद कर. पुढे सॉलिड अ‍ॅक्सल टाक." कुशल नागपूरचा, चेरीवूडच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो, आणि हा नाद मला त्यानेच लावला.

सॉलिड अ‍ॅक्सल म्हणजे काय, ते स्वतःलाच समजावं म्हणून लिहितो. सध्या गेंड्याची पुढची दोन्ही चाकं आपापली वर-खाली होतात, एकाला दुसऱ्याचं काही पडलेलं नसतं. रस्त्यावर हे सुखाचं, दगडांवर नाजूक. सॉलिड अ‍ॅक्सल म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच जाडजूड लोखंडी कणा. एक चाक दगडावर चढलं की दुसरं आपोआप खाली दाबलं जातं. मोडायचं नाव नाही. मात्र तो बसवायला चासीवरचं आत्ताचं सगळं कापून काढावं लागतं. एकदा कापलं की परत नाही.

हे शेवटचं वाक्य मला आवडलेलं नाही.

दुसरी बातमी, जी खरं तर पहिली लिहायला हवी होती. माझ्या बायकोला, विभाला, म्हणजे विभावरीला, पार पश्चिमेकडच्या मेयोमधल्या हॉस्पिटलातून पत्र आलंय. भूलतज्ज्ञ, कन्सल्टंट, कायमची जागा. अकरा वर्षं ती सहा-सहा महिन्यांच्या करारावर या हॉस्पिटलातून त्या हॉस्पिटलात जातेय. होकार की नकार ते १४ नोव्हेंबरपर्यंत कळवायचंय. संध्याकाळी श्रीखंड वाढताना तिने विचारलं, "तुझं काय म्हणणं आहे?"

मी म्हटलं, बघू.

रविवार, ५ ऑक्टोबर

ब्लेसिंग्टनच्या अलीकडे डेक्लनचं गॅरेज आहे. गॅरेज कसलं, एक पत्र्याची शेड आणि मागे गंजलेल्या गाड्यांचं शेत. डेक्लन साठीचा, बारा गावचं पाणी प्यायलेला, मूळचा पश्चिमेकडचा. कुशल म्हणतो की अ‍ॅक्सल बदलावा तर 'युअर मॅन'नेच, म्हणजे इथल्या बोलीत या बाबानेच.

डेक्लनने गेंड्याखाली सरपटत जाऊन टॉर्च मारली, बाहेर आला, हात पुसले आणि अ‍ॅक्सलबद्दल एक अक्षर न बोलता विचारलं, ही गाडी घेऊन तुला जायचंय कुठे?

मी म्हटलं, सगळीकडे.

तो म्हणाला, सगळीकडे नावाचं गाव त्याच्या नकाशात नाही. मग त्याने चार पर्याय सांगितले. एक, याच जातीच्या जुन्या पिकअपचा अ‍ॅक्सल, बसायला सोपा, पण पाट्यांच्या स्प्रिंगांवरचा, म्हणजे हाडं खिळखिळी. दोन, मोठ्या जपानी जीपचा, अजिंक्य, पण वीतभर रुंद. तीन, जुन्या ब्रिटिश जीपचा, कुठेही मिळतो, पण आमच्या गाडीचा फिरता दांडा ज्या बाजूला येतो त्याच्या उलट बाजूला त्याचा डिफरन्शियलचा गोळा. चार, इंग्लंडहून मापाने बनवून घ्यायचा, महिने लागतील. वर पुन्हा इन्शुरन्ससाठी इंजिनिअरचा रिपोर्ट हवा. मी म्हटलं मी इंजिनिअरच आहे. तो हसला नाही.

घरी येताना चारही पर्याय पटत होते. मेनूथ येईपर्यंत एकही पटत नव्हता.

बुधवार, ८ ऑक्टोबर

शीट बनवली. ऑफिसात एवढ्या लोकांचे निर्णय आपण शीटवर करून देतो, तर स्वतःचा का नाही? चार पर्याय, चौदा निकष: ताकद, रुंदी, वजन, उंची, सुटे भाग, स्टिअरिंग वगैरे. प्रत्येक निकषाला महत्त्वाप्रमाणे वजन, प्रत्येक पर्यायाला गुण. बेरीज आली ७१, ७२, ७१, ७०.

वजनं बदलून पाहिली. ७०, ७१, ७२, ७१. कुशलच्या सांगण्यावरून 'ताकद' दुप्पट केली, तर दुसरा जिंकला. तेव्हा मला जाणवलं की आपल्याला पहिला हवा होता. मग 'सोपेपणा' दुप्पट केला, पहिला जिंकला, आणि आता तो नकोसा वाटायला लागला. एक ना धड, भाराभर चिंध्या.

शीट सगळ्यांना पाठवली, मतं मागवायला. विभालाही. घरातल्या माणसाला वगळलं असं नको.

रविवार, १२ ऑक्टोबर

विभा आज सविस्तर बोलली. आमची लेक स्वरांगी कॅमोगीच्या, म्हणजे इथल्या मुलींच्या हॉकीसारख्या खेळाच्या, मॅचला गेली होती, घर शांत होतं.

तिचं म्हणणं सरळ आहे. चौदा वर्षांपूर्वी माझ्या नोकरीसाठी आम्ही आयर्लंडला आलो. मुंबईच्या कूपर हॉस्पिटलातली चांगली जागा सोडून ती आली, तीन वर्षं घरी बसून इथल्या परीक्षा दिल्या, मांडीवर स्वरांगी. मग करार. ड्रोहडा, तुल्लामोर, पुन्हा डब्लिन. दर सहा महिन्यांनी नवा लॉकर, नवा पार्किंगचा पास. "मला एकदा माझ्या नावाची पाटी असलेल्या दारातून आत जायचंय," ती म्हणाली. ही जागा गेली तर पुढची कधी निघेल ते कुणालाच माहीत नाही.

मी सगळं ऐकलं. सगळं खरं आहे. आणि तरी माझ्या तोंडून 'चल जाऊ' निघालं नाही.

का निघालं नाही ते फक्त इथेच लिहू शकतो. चेरीवूडचं ऑफिस आठवड्यातून तीन दिवस तोंड दाखवायला सांगतं. मेयोहून ते जमणार नाही, म्हणजे नोकरी बदलणं आलं, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी पोरासोरांपुढे मुलाखती देणं आलं. तिथे मी डॉक्टरीणबाईंचा नवरा असेन. हे वाक्य लिहिल्यावर स्वतःचीच लाज वाटली. चौदा वर्षं ती इंजिनिअरसाहेबांची बायको होतीच की.

मी तिला म्हटलं, एवढा अ‍ॅक्सलचा निकाल लागू दे, मग डोकं मोकळं होईल. ती उठली. मग कपडे वाळत घालायला गेली. बाहेर पाऊस होता.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

अण्णांचा कराडहून फोन. अण्णा एसटीच्या वर्कशॉपमधून फोरमन म्हणून निवृत्त झाले. त्यांना चारही पर्याय सांगितले. शीटचं सांगितल्यावर म्हणाले, "आरं, अ‍ॅक्सल बदलायला कागद कशाला लागतुय? पाना लागतुय." मग म्हणाले, घाटाची गाडी येगळी, मैदानाची येगळी. "रूट ठरल्याबिगर डेपोतनं गाडी हलत न्हाय. तुझा रूट कंचा?"

अण्णांना इथलं कळत नाही. इथे रूट असा नसतो, हौस असते.

शेवटी विचारलं, सूनबाईंच्या नोकरीचं काय झालं. म्हणजे तिने त्यांना सांगितलंय. मी म्हटलं, चाललंय.

रविवार, १९ ऑक्टोबर

दिवसभर घर माझं एकट्याचं. सकाळी विभाच्या छोट्या गाडीचा टायर बसलेला निघाला, म्हणून त्या दोघी गेंडा घेऊन बाहेर गेल्या. गेंड्याचा पुढचा दांडा डेक्लनने तात्पुरता बदलून दिलाय. जाताना विभाने काहीतरी सांगितलं, मी तेव्हा वजनं बदलत होतो, हं म्हटलं. दिवाळीची खरेदी असणार.

दोघी संध्याकाळी उशिरा आल्या. गाल लाल, केस विस्कटलेले. पिशवी एकही नाही. काय आणलं विचारलं, तर दोघी एकमेकींकडे बघून आळीमिळी गुपचिळी. म्हटलं, माझ्यासाठी काहीतरी लपवून आणलं असेल, पाडवा जवळ आहे.

सोमवार, २० ऑक्टोबर

नवीनच कटकट. गेंड्याचं मीटर बिघडलंय. शनिवारी मी आकडा टिपून ठेवला होता, आणि आज तो चारशे शहाऐंशी किलोमीटरने पुढे आहे. गावातल्या खरेदीत फार तर वीस होतील. मोठे टायर बसवले की मीटर चुकतं हे मला माहीत आहे, पण त्याने आकडा कमी दिसायला हवा, जास्त कसा? कुशललाही कोडं सुटलं नाही. तो म्हणाला, "आतला गिअर झिजून राहिला असंल."

पंधरावा निकष घातला: मीटरवरचा परिणाम. बेरीज पुन्हा बदलली.

बुधवार, २२ ऑक्टोबर, पाडवा

आज काय झालं ते नीटसं कळलेलं नाही, म्हणून जसं झालं तसं लिहितो.

विभाला दुपारची ड्यूटी होती, म्हणून सकाळीच औक्षण. पाट, रांगोळी, सगळं तिने केलं. दिवा ओवाळून झाल्यावर ती म्हणाली, "या वर्षी ताटात काही घालू नकोस. मला उत्तर दे."

मी तर आधीच मोत्यांच्या कुड्या आणल्या होत्या. लंडनहून मागवलेल्या, तिने एकदा कौतुक केलेल्या. आता आणलेली वस्तू खिशात ठेवून कोरडं उत्तर कसं द्यायचं? आणि उत्तर असतं तर दिलं नसतं का? मी कुड्या ताटात ठेवल्या. तिने डबी उघडली, छान आहेत म्हणाली, बंद केली आणि निरांजन देवापुढे नेऊन ठेवलं.

"ओ माय गॉड, डॅड," स्वरांगी म्हणाली आणि जिना चढून वर गेली. ही मुलगी मराठी सगळं समजते, बोलते मात्र इथलं, किल्डेअरचं इंग्रजी. माझं नेमकं काय चुकलं ते विचारायला मी तिच्या दारापर्यंत गेलो, आत गाणी लागली होती, परत आलो.

वाईट वाटलं. कुड्या खरंच चांगल्या होत्या.

बुधवार, २९ ऑक्टोबर

शीटवर सतरा कॉमेंटी साठल्या होत्या. आज ऑफिसात दुपारी बसून सगळ्या निकालात काढल्या. कामाचा एक नियम आहे, उघडी कॉमेंट ठेवायची नाही. उत्तर द्यायचं आणि बंद करायची.

सहा कुशलच्या, सगळ्या ताकदीबद्दल. बाकी क्लबातल्या लोकांच्या. एक मात्र विभाची, 'रुंदी'च्या ओळीवर: "मेयोतल्या घराच्या गेटमधून ही आत जाईल का?"

मला राग आला. मेयोत आपलं घर आहे कुठे? ज्या गोष्टीचा निर्णय व्हायचाय ती झालीच असं धरून माझ्या शीटमध्ये आणायची, ही काय पद्धत झाली? घरात विषय आहेच, दिवसरात्र आहे, निदान इथे तरी नको. मी खाली लिहिलं, "हा विषय या शीटचा नाही," आणि कॉमेंट बंद केली. सतराच्या सतरा बंद. किती दिवसांनी हलकं वाटलं.

सोमवार, ३ नोव्हेंबर

विभा हल्ली मेयोचं नावही काढत नाही. चिडलेली नाही, उलट शांत आहे. काल तर स्वयंपाक करताना गुणगुणत होती. तिचं तिलाच पटलेलं दिसतंय की एवढी घाई बरी नव्हे. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटत नाहीये, आणि का नाही ते कळत नाही.

स्वरांगीने जुनी पुस्तकं खोक्यात भरून चॅरिटीच्या दुकानात नेली. मुलगी शहाणी होतेय.

शनिवार, ८ नोव्हेंबर

अ‍ॅक्सल आणला! म्हणजे दुसरा पर्याय, रुंद, अजिंक्य. निर्णय शीटने नाही केला, कुशलने केला. लाँगफर्डच्या एका माणसाकडे भंगारात निघालेला चांगला अ‍ॅक्सल होता, आणि तो आज नाही उचलला तर उद्या दुसरा नेईल असं कुशल म्हणाला. आज मी कुणी काहीही सांगितलं असतं तरी ऐकलं असतं, असं आता वाटतंय.

भाड्याची व्हॅन घेतली. स्वरांगी आपणहून सोबत आली याचंच मला अप्रूप. लाँगफर्डच्या अलीकडे मी पेट्रोल भरायला वळणार तर म्हणाली, "नॉट दॅट वन, डॅड. द नेक्स्ट वन. दे हॅव डीसेंट चिकन रोल्स देअर." आणि खरंच छान होते. तुला कसं माहीत, विचारलं, तर खिडकीबाहेर बघायला लागली. शाळेची ट्रिप आली असेल.

परतायच्या आधी गोल चौकात पाट्या दिसल्या. एक डब्लिनकडे, एक कॅसलबारकडे, म्हणजे मेयोकडे. मी चौकाला दोन फेऱ्या मारल्या. पहिल्या फेरीत बाहेर पडायचं चुकलं, असं स्वरांगीला सांगितलं.

"वुड यू हेट इट?" तिने मध्येच विचारलं. "मेयो?"

मी म्हटलं, हेट नाही ग, फक्त अजून नक्की नाही.

"यू'र नेव्हर शुअर, डॅड," ती म्हणाली. रागाने नाही म्हणाली, उन्हाळ्यात पाऊस पडतो असं सांगावं तसं म्हणाली. मग घर येईपर्यंत आम्ही रेडिओ ऐकला.

बुधवार, १२ नोव्हेंबर

डेक्लनने शुक्रवारची सकाळ दिली. शुक्रवारी ग्राइंडर लावून जुनं सगळं कापायचं. ऑफिसातून रजा घेतली.

शुक्रवारी चौदा तारीख आहे हे तारीख घेतल्यावर लक्षात आलं. विभाला सांगितलं, शुक्रवारी मी गॅरेजवर असेन. तिने विचारलं, "शुक्रवारी?" मी म्हटलं, दुसरा दिवस डेक्लनकडे मोकळा नव्हता. हे खरं नाही. त्याने सोमवारही सांगितला होता. मग मी शुक्रवार का घेतला? शुक्रवारी मला कुठेतरी दुसरीकडे असायचं होतं, एवढंच सुचतंय. भ्याडपणाला मराठीत यापेक्षा सभ्य शब्द मला सापडत नाही.

अ‍ॅक्सल घरापुढे फरशीवर पडलाय. एवढा मोठा असेल असं भंगारात बघताना वाटलं नव्हतं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

डेक्लनच्या शेडमध्ये बसून लिहितोय. आधी झालं ते सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर पुन्हा गोंधळ करेन.

विभा आज मी उठायच्या आधीच गेली होती. साडेनऊला मी इथे पोचलो. डेक्लनने चासीवर खडूने रेघा मारल्या, कुठे कापायचं त्या. ठिणग्या उडतील म्हणून गाडीच्या आतलं कार्पेट काढायला मला सांगितलं. मी पुढची चटई उचलली तर खाली वाळू. बचकभर, पांढरी, शिंपल्यांच्या कपच्या असलेली. आम्ही विकलोत खेळतो तिथे नुसता काळा चिखल असतो. सीटखाली हात घातला तर एक पावती आली. मेयोतल्या वेस्टपोर्टमधला कॅफे, दोन हॉट चॉकलेट, १९ ऑक्टोबर.

डेक्लनने वाळू बोटांत चोळून बघितली. तो मूळचा मेयोचाच, तिकडे बेलमलेटला जन्मलेला, हे मला आज कळलं. म्हणाला, तू माझ्या गावाकडे जाऊन आलास तर. मी म्हटलं, मी नाही गेलो.

मग मी हिशेब केला. मेनूथहून तिथल्या समुद्रापर्यंत दोनशे त्रेचाळीस किलोमीटर. त्याची दुप्पट चारशे शहाऐंशी. मीटर बिघडलेलं नव्हतं. घरातली एकच गोष्ट बरोबर चालत होती, आणि मी तिच्यासाठी पंधरावा निकष काढला होता. त्या दोघी माझ्या गाडीतून, माझ्याशिवाय, आपलं गाव बघून आल्या. चिकन रोल खाल्ले, वाळूत फिरल्या, एखाद्या घराचं गेट बघितलं. आणि त्या गेटमधून माझी गाडी जाईल का हे तिने विचारलं, तेव्हा मी विषय या शीटचा नाही म्हणून बंद केला. ती गेंड्याला घरात घेत होती. म्हणजे मलाच घेत होती.

मला रडू आलं. डेक्लन ग्राइंडरची वायर सोडवत बसला, बराच वेळ सोडवत होता. मग त्याने गॉगल कपाळावर चढवला आणि पहिल्या दिवशीचाच प्रश्न विचारला. "सो. व्हेअर आर यू गोइंग इन इट?"

मी म्हटलं, मेयोला. घरातली दोन माणसं घेऊन. दर आठवड्याला, कदाचित रोजच.

तो म्हणाला, मग हा कापू नकोस. तीन तासांच्या रस्त्याला हा आत्ताचाच बरा, तो दांडा तेवढा चांगला टाकून देतो. सॉलिड अ‍ॅक्सलवर तिथवर गेलास तर बायको परत येताना ट्रेनने येईल. सहा आठवडे मी चौदा निकषांत जे शोधत होतो ते त्याने एका दमात सांगितलं. काखेत कळसा, दुसरं काय.

विभाला फोन लावला, बंद होता, ती ऑपरेशन थिएटरमध्ये असणार. निरोप ठेवायला शब्द जमेनात. मग फोनवर शीट उघडली. बंद केलेल्या कॉमेंटी शीट ठेवते, टाकून देत नाही. तिची शोधून पुन्हा उघडली आणि खाली लिहिलं: "गेट केवढं आहे? मी चुकलो. मी येतो."

दुपारी सव्वादोनला उत्तर आलं.

"होकार मी सकाळी सातलाच पाठवला. तो तुझ्यासाठी थांबला नव्हता. थांबलं होतं ते एवढंच, घर दोघींना पुरेसं बघायचं की तिघांना."

मी लिहिलं, "तिघांना."

बराच वेळ काही नाही. डेक्लनने चहा दिला, खूप दूध घातलेला. खडूच्या रेघा मी कापडाने पुसल्या. मग तिचं एका शब्दाचं उत्तर आलं.

"बघू."

या शब्दाचा अर्थ माझ्याइतका कुणालाच ठाऊक नाही. त्यात नकार नसतो. पण ज्याला तो ऐकायला लागतो त्याचा दिवस कसा जातो, हे मात्र मला आज पहिल्यांदा कळलं. तिने असे त्रेचाळीस दिवस काढले.

शनिवार, १५ नोव्हेंबर

सकाळी साडेसातला विभाने दार वाजवून सांगितलं, आम्ही आठला निघतोय, घर बघायला. यायचं तर ये. मी पावणेआठलाच गाडीपाशी उभा होतो, गेट मोजायची टेप खिशात घेऊन. अ‍ॅक्सल अजून तिथेच फरशीवर पडलाय, कुशल म्हणतो तो घेईल. विभाने त्याला वळसा घालून गाडी काढली. कानात कुड्या नव्हत्या, ते मी बघितलं.

गाडी ती चालवतेय. पुढची सीट स्वरांगीने सोडली नाही, म्हणाली की तिला रस्ता माहीत आहे. लाँगफर्ड मागे पडलं. मी विचारलं, त्या दिवशी जाताना तू मला काय सांगितलं होतंस? आरशात बघून विभा म्हणाली, "हेच. मेयो बघून येतो म्हणून. तू हं म्हणालास."

पुढे दोघी बोलतायत, घराच्या मागे सफरचंदाचं झाड आहे म्हणे. अक्षर वेडंवाकडं येतंय. गेंडा माझा, पण त्याच्या मागच्या सीटवर मी आजवर कधी बसलो नव्हतो. इथे दणके फार बसतात. कुणी कधी सांगितलं नाही.

किंवा सांगितलं असेल.